एका अपवादाने मोडलेला वेढा : व्हायकिंगांच्या युद्धपटाचे गणित

इ. स. १७३२. वनस्पतींना शास्त्रीय नावे देणारा म्हणून पुढे जगप्रसिद्ध झालेला कार्ल लिनियस तेव्हा पंचविशीत होता आणि स्वीडनच्या उत्तरेकडील लॅपलँडचा प्रवास करीत होता. फुले, पक्षी, रेनडिअरांचे कळप यांच्या नोंदी करता करता त्याने सामी लोकांच्या एका पटखेळाचे नियम लॅटिनमध्ये टिपून ठेवले. सोबत पटाची आकृतीही काढली. त्या खेळाचे नाव तब्लुत.

या नोंदीचे मोल त्या वेळी कोणाच्याही, बहुधा खुद्द लिनियसच्याही, ध्यानात आले नसावे. व्हायकिंगांच्या काळात आयर्लंडपासून बाल्टिक किनाऱ्यापर्यंत याच घराण्यातले युद्धपट खेळले जात. नॉर्स भाषेत त्याला ह्नेफाताफ्ल म्हणत. बाराव्या शतकातील ऑर्कनीचा सरदार रोग्नवाल्ड याने आपल्या नऊ कौशल्यांची यादी दिली, तिच्यात पहिला मान या पटखेळाला आहे. आयर्लंडमधील बॅलिंडेरी येथे दहाव्या शतकातला लाकडी पटही सापडला. पुढे बुद्धिबळ आले आणि हा खेळ मागे पडला. सोंगट्या उरल्या, पट उरले, सागांमधले उल्लेख उरले; नियम मात्र कोणी लिहून ठेवले नव्हते.

बुद्धिबळात दोन्ही फौजा सारख्या असतात. इथे तसे नाही. तब्लुतचा पट ९ × ९ घरांचा. मधल्या घरात, म्हणजे गढीत, राजा बसतो. त्याच्या चारही बाजूंना अधिक चिन्हाच्या आकारात ८ रक्षक उभे असतात. पटाच्या चारही कडांच्या मध्यभागी चार-चारांच्या तुकड्या करून १६ हल्लेखोर असतात : तीन कडेला, एक त्यांच्या पुढे. लिनियसच्या नोंदीत रक्षक ‘स्वीडिश’ आहेत आणि हल्लेखोर ‘मॉस्कोवाले’. स्वीडन आणि रशिया यांच्यातले महायुद्ध १७२१ मध्ये, म्हणजे जेमतेम अकरा वर्षांपूर्वी संपले होते, हे लक्षात घेतले की या नावांचे नवल वाटत नाही.

सर्व सोंगट्या बुद्धिबळातल्या हत्तीसारख्या सरळ चालतात. कोणी कोणावरून उडी मारीत नाही. शत्रूची सोंगटी आपल्या दोन सोंगट्यांच्या कात्रीत सापडली की मरते. राजा कडेच्या कोणत्याही घरात पोहोचला की त्याचा पक्ष जिंकतो. राजा कोंडून पकडला की हल्लेखोर जिंकतात. थोडक्यात, हा वेढ्याचा खेळ आहे, आणि वेढा म्हटला की मुलूख राखण्याचा हिशेब आलाच.

कडेची घरे ३२ आणि हल्लेखोर १६. प्रत्येक दार अडवणे शक्यच नाही. वरवर पाहता राजाला रान मोकळे आहे. पण सोंगट्या तिरक्या चालत नाहीत, आणि हल्लेखोरांची सारी ताकद याच एका गोष्टीत दडलेली आहे. तिरप्या रेषेत एकमेकींना कोपऱ्याने टेकून उभ्या असलेल्या सोंगट्यांमधून सरळ चालणारा कोणीही बाहेर पडू शकत नाही. म्हणून भिंत चौकोनी न बांधता पतंगाच्या आकाराची बांधायची. केंद्रापासून चार पावलांवरच्या पतंगाला बरोबर १६ सोंगट्या लागतात, म्हणजे अख्खी फौज. तो वेढा देखणा खरा, पण कुचकामी : खेळात पाळी सोडता येत नाही, आणि राखीव सोंगटी नसल्यामुळे पुढच्या चालीला भिंतीतलीच एक वीट काढावी लागते.

तीन पावलांवरच्या पतंगाला मात्र १२ पुरतात. चार मोकळ्या राहतात आणि त्यांच्या चालींवर वेढा तग धरतो. त्याच्या आत १३ घरे येतात. राजा आणि रक्षक मिळून ९ जण त्यांत मावतात. दोन पावलांच्या पतंगात पाचच घरे, तिथे ते मावणारच नाहीत.

आता मूळ मांडणीकडे पुन्हा पाहावे. चारही तुकड्यांचे पुढचे शिपाई या १२ घरांपैकी चार घरांवर आधीच उभे आहेत. उरलेली आठ घरे कडेवरच्या आठ शिपायांपासून प्रत्येकी एकाच चालीवर आहेत. म्हणजे प्रतिपक्ष स्वस्थ बसला तर आठ चालींत किल्ल्याची नाकेबंदी पुरी होते. भिंत एकदा पुरी झाली की तिच्यातली सोंगटी मारताही येत नाही, कारण तिला कात्रीत धरायला एक रक्षक बाहेरच्या बाजूला हवा, आणि बाहेर जाण्याची वाटच उरलेली नसते. अर्थात राजाही तितक्याच चाली खेळत असतो. सारा सामना या आठ चालींच्या शर्यतीचा आहे.

ही शर्यत बरोबरीची ठेवणारा नियम म्हणजे राजाला पकडण्याचा. लिनियसच्या नोंदीनुसार राजा गढीत असेल तर त्याला चारही बाजूंनी घेरावे लागते. गढीला लागून असेल तर तीन बाजूंनी. आणि गढीपासून दूर, उघड्यावर आला की तो इतरांसारखाच दोघांच्या कात्रीत सापडतो. जितका दूर, तितका दुबळा.

लिनियसच्या मृत्यूनंतर त्याचा संग्रह जेम्स एडवर्ड स्मिथ या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने विकत घेतला आणि तो लंडनला गेला. १८११ मध्ये स्मिथने प्रवासाच्या दैनंदिनीचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्यात घोटाळा झाला. दोघांच्या कात्रीचा नियम राजालाही लागू होता. भाषांतरात राजा त्याला अपवाद ठरला. आता तो पटावर कुठेही असो, त्याला धरायला चार शिपाई लागणार.

एच. जे. आर. मरे या साक्षेपी इतिहासकाराने बुद्धिबळाच्या इतिहासावरील १९१३ च्या ग्रंथात तब्लुत आणि ह्नेफाताफ्ल यांचे नाते ओळखले. हा शोध मोठाच. पण त्याच्या हाती असलेला मजकूर स्मिथचा होता. १९६० मध्ये आर. सी. बेल यांच्या पटखेळांवरील लोकप्रिय पुस्तकातून तेच नियम घरोघरी पोहोचले. ते खेळून पाहणाऱ्यांना एकच अनुभव येऊ लागला : राजा फार सहज निसटतो. ज्याला उघड्यावर भयच नाही असा राजा स्वतःच पुढे होऊन भिंत फोडतो, आणि आठ चालींची शर्यत हल्लेखोर हरतात. दोष व्हायकिंगांचा नव्हता, सामींचा तर नव्हताच.

खेळाडूंनी मग आपापल्या परीने डागडुजी केली. कोणी राजाचे शस्त्र काढून घेतले, कोणी कडेऐवजी कोपऱ्यात पोहोचण्याची अट घातली. शेटलंड बेटांपैकी फेटलर येथे रूढ झालेल्या नियमांत पट ११ × ११ चा, हल्लेखोर २४, राजासोबत १२ रक्षक आणि सुटकेची घरे फक्त चार कोपरे. कडेच्या ४० घरांऐवजी चारच घरे राखायची म्हटल्यावर हिशेब उलटतो. एका कोपऱ्याला तिरप्या रेषेत तीन शिपाई पुरतात, आणि आतल्या कोनात शत्रू आधीच शिरलेला नसेल तर ते तिघे मारले जात नाहीत. चार कोपऱ्यांना १२, म्हणजे बरोबर अर्धी फौज. उरलेल्या अर्ध्या फौजेने राजाची शिकार करायची. हा खेळ चांगला जमला आहे, पण तो लिनियसने पाहिलेला खेळ नव्हे.

मूळ लॅटिन मजकूर पुन्हा तपासला गेला तो अगदी अलीकडे. तो अपवाद काढून टाकल्यावर तब्लुतचा तोल वेगळ्याने सावरण्याची गरज उरली नाही. राजाला रक्षकांवाचून बाहेर पडता येईना, आणि लिनियसने टिपलेल्या दोन सामी शब्दांनाही धार आली. कडेपर्यंत एक वाट मोकळी झाली की राजाच्या खेळाडूने ‘राइची’ म्हणून इशारा द्यायचा. हल्लेखोराला ती वाट बुजवायची संधी मिळते. दोन वाटा एकदम मोकळ्या झाल्या तर शब्द ‘तुइचू’. एका चालीत दोन वाटा बुजत नाहीत, डाव तिथेच संपतो.