रोज किती प्रोटीन लागतं? साध्या जेवणातून ते मिळतं का?

प्रोटीन म्हटलं की जिम आणि पावडरचे डबे आठवतात. पण प्रोटीन म्हणजेच प्रथिनं फक्त बॉडी बनवणाऱ्यांसाठी नसतात. आपले स्नायू, रक्तातलं हिमोग्लोबिन, रोगांशी लढणाऱ्या अँटिबॉडीज हे सगळं प्रथिनांपासूनच तयार होतं.

चरबीसारखा प्रथिनांचा वेगळा साठा शरीरात नसतो. आहारात ती सतत कमी पडली, तर शरीर स्नायू मोडून गरज भागवतं. त्यामुळे चहा-बिस्किटांवर दिवस काढणाऱ्या आजी-आजोबांना जिना चढणंही जड जाऊ शकतं.

किती हवं?
आयसीएमआर-एनआयएनच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढांना वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम. म्हणजे वजन ६० किलो असेल, तर सुमारे ५० ग्रॅम. गरोदरपणात आणि बाळाला अंगावर पाजताना त्याहून जास्त.

कशातून मिळतं? (अंदाजे)
• एक अंडं – ६ ग्रॅम
• ग्लासभर (२५० मिली) दूध – ८ ग्रॅम
• मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाणे – ७ ग्रॅम
• ३० ग्रॅम तूरडाळीचं वरण – ६ ग्रॅम
• ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी – ५ ग्रॅम

धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, डाळींत ते भरपूर असतं. म्हणून पिठलं-भाकरी किंवा वरण-भात ही जोडी चांगली. मात्र वरण पाण्यासारखं पातळ असेल, तर वाटी भरते, गरज भागत नाही. घरात सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात डाळ किती उरते, हेही पाहा.

किडनीचा आजार असेल, तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.