तळटीप : पॅकेट नेमके कुठे अडते

* लेखकाने ‘फायरवॉलने पॅकेट अडवले’ एवढेच लिहिले आहे. जागा सांगायलाच हवी. भंडाऱ्यातल्या एखाद्या सेतू केंद्रातला राउटर लिनक्सवर चालत असेल, तर अडवणूक कर्नलमधल्या ‘नेटफिल्टर’मध्ये होते. रस्टी रसेल यांनी सुरू केलेली ही यंत्रणा २००१ च्या २.४ आवृत्तीपासून कर्नलमध्ये आहे. पॅकेटच्या वाटेवर तिचे पाच थांबे. पहिला, मार्ग ठरण्याआधीचा, मला सर्वांत मोलाचा वाटतो : तिथे नोंदवलेले फंक्शन पॅकेट पुढे सोडते, टाकून देते किंवा स्वतःकडे ठेवून घेते. गोसीखुर्दचे पाणी शेतात नव्हे, धरणाच्या ३३ दरवाजांशीच अडते, तसे हे. २०१६ च्या ४.८ आवृत्तीतल्या ‘एक्सडीपी’ने तपासणी त्याहून अलीकडे, नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरपाशीच आणली. — संपा.