मेजावर ठेवलेला कागद

१९४१ च्या डिसेंबरात, पर्ल हार्बरवरील हल्ल्यास पुरता पंधरवडा लोटतो न लोटतो तोच, ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल आपल्या सेनाधिकाऱ्यांसह वॉशिंग्टनला दाखल झाले आणि युद्ध कसे चालवावे याविषयी उभय राष्ट्रांची खलबते सुरू झाली. एका निकडीच्या विषयावर ब्रिटिश अधिकाऱ्यांनी टिपण तयार केले व ते आम्ही ‘टेबल’ करू इच्छितो असे अमेरिकन सहकाऱ्यांस कळविले. अमेरिकनांनी हरकत घेतली. वाद लांबला, त्यास कडवटपणाही आला; आणि अखेर उघडकीस आले ते हे की, दोन्ही पक्षांस एकच गोष्ट हवी होती! टेबल करणे म्हणजे इंग्रजांच्या लेखी चर्चेस घेणे, आणि अमेरिकनांच्या लेखी खणात टाकून विसरून जाणे. ही हकीकत खुद्द चर्चिल यांनीच आपल्या महायुद्धाच्या इतिहासात नमूद करून ठेवली आहे.

घरोघर वापरात असलेल्या या शब्दाचे मूळ लॅटिन ‘टाब्युला’, म्हणजे फळी. फळीवर लिहीत, म्हणून ती लेखाची पाटीही झाली. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या मध्यास रोमन लोकांनी आपला कायदा बारा फलकांवर लिहून जाहीर केला, त्यास इंग्रजीत आजही बारा टेबलेच म्हणतात. पाटीवर रकाने पाडून आकडे मांडले की झाले कोष्टक. इंग्रज मुलगा पाढे घोकतो तेही टेबल, आणि १८६९ साली मेंडेलीफने मूलद्रव्यांची जी मांडणी सिद्ध केली तेही टेबल. फळीस पाय लाभताच तिचे जेवणाचे मेज झाले. सोंगट्या-फाशांच्या एका जुन्या खेळाचेही हेच नाव होते; हरता गडी जिंकू लागला म्हणजे इंग्रज ‘टेबले फिरली’ असे म्हणतो, ते या खेळावरून. माथा सपाट असलेल्या डोंगरासही हे नाव मिळाले. पाचगणीचे टेबल लँड कोणास ठाऊक नाही? छोटी फळी ती टॅब्लेट, आणि हीच पुढे औषधाची वडी झाली.

परंतु या शब्दाचा खरा गुंता झाला तो विधिमंडळात. इंग्रजांच्या लोकसभेत मध्यभागी एक मेज असते. कागद त्यावर आला, म्हणजे तो सभेपुढे आला. मात्र आलेला प्रत्येक कागद तत्काळ हाती घेतला जाई असे नव्हे. कित्येक अर्ज मेजावर पडून राहावेत असाच हुकूम होई. थॉमस जेफर्सन याने अमेरिकन सेनेटचे अध्यक्षपद सांभाळताना कामकाजाच्या नियमांचे एक पुस्तक रचले, ते १८०१ साली छापले गेले. सभेस दुसरे काम असेल, पण विषय पुढे सोयीने घ्यावयाचा असेल, तर तो मेजावर ठेवावा, असे त्यात सांगितले आहे. सवलत मोठी निरुपद्रवी दिसते. पण ‘पुढे सोयीने’ या शब्दांत केवढी जागा असते!

ती जागा किती, हे १८३६ साली दिसले. राजधानीच्या मुलखातील गुलामगिरी बंद करावी अशी मागणी करणाऱ्या अर्जांचा पूर त्या काळी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाकडे लोटला होता. त्यांवर सह्या करणाऱ्यांत स्त्रियाही पुष्कळ होत्या. मेमध्ये सभागृहाने ठराव केला की, गुलामगिरीविषयीचा कोणताही अर्ज न छापता, कोणत्याही समितीकडे न धाडता, मेजावर ठेवावा व त्यावर पुढे काहीही करू नये. मतदानाचा हक्क नसलेल्यांस अर्ज हाच एक मार्ग मोकळा होता. तोही अशा रीतीने एका लाकडी फळीपाशी संपला.

या ठरावाशी झुंजला तो माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स. राष्ट्राध्यक्षपद भोगून झाल्यावर साधा प्रतिनिधी म्हणून निवडून आलेला हा वृद्ध अर्जामागून अर्ज सभागृहापुढे आणीत राहिला. १८४२ साली त्याच्याच निषेधाचा ठराव आला, तेव्हा त्याने आपल्या बचावाचे भाषण दिवसानुदिवस असे लांबविले की विरोधक टेकीस आले. अखेर सभागृहाने तो निषेधाचा ठरावच मेजावर ठेवला! अर्ज गाडणाऱ्या त्या मेजाने अ‍ॅडम्सची अब्रू मात्र राखली. १८४४ च्या डिसेंबरात अर्जांवरील बंदी उठली. गुलामगिरी स्वतः आणखी २१ वर्षे टिकली.

हिंदुस्थानातील विधिमंडळांनी परिपाठ घेतला तो इंग्रजांचा. ‘गोलमेज परिषद’ या जोडशब्दात टेबलाचे मेज झाले होते. सभागृहात मात्र ‘पटलावर ठेवणे’ हा प्रयोग रूढ झाला, आणि त्याचा अर्थ सभेपुढे मांडणे असाच आहे. मौज एवढीच की, संस्कृतात ‘पटल’ या शब्दाचा एक अर्थ आच्छादन, पडदा असाही आहे.