मुदतीचा करार : ‘बॉस्टन’ बँड आणि सीबीएस कंपनी

1970 च्या दशकातील अमेरिकी ध्वनिमुद्रण व्यवसायात रॉक बँड आणि रेकॉर्ड कंपनी यांना बांधणाऱ्या करारनाम्यात संगीताविषयी थोडे आणि अल्बमांची संख्या, ते सुपूर्द करण्याच्या मुदती व पैशाचा हिशेब यांविषयी पुष्कळ लिहिलेले असे. कंपनी बँडला आगाऊ रक्कम देई आणि ती रॉयल्टीतून, म्हणजे विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे कलावंताला मिळणाऱ्या हिश्श्यातून, वळती करून घेई. मूळ ध्वनिफितींची, म्हणजेच ‘मास्टर्स’ची, मालकी मात्र बहुधा कंपनीकडेच राही. या व्यवस्थेत तारखेचा दबाव निर्मितीला किती महाग पडतो, हे ‘बॉस्टन’ या बँडच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

या बँडचे सूत्रधार टॉम शोल्झ हे एमआयटीत शिकलेले आणि पोलरॉइड कंपनीत नोकरी करणारे अभियंता होते, आणि मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाउन येथील घराच्या तळघरात स्वतः उभारलेल्या स्टुडिओत ते एकेका गिटारचा थर दुसऱ्यावर चढवीत गाणी घडवीत असत. सीबीएसच्या ‘एपिक’ या शाखेने बँडला करारबद्ध केले, तेव्हा ही गाणी व्यावसायिक स्टुडिओत नव्याने ध्वनिमुद्रित व्हावीत असा तिचा आग्रह होता. त्यावर निर्माते जॉन बॉयलन यांनी बँडमधील इतरांना लॉस एंजेलिसला नेऊन तेथे एक गाणे ध्वनिमुद्रित केले, आणि कंपनीचे लक्ष तिकडे असताना शोल्झ यांनी बहुतेक वाद्यसंगीत तळघरातच पुरे केले. 1976 मध्ये आलेल्या या पहिल्या अल्बमच्या एकट्या अमेरिकेतच पुढे 1.7 कोटी प्रती प्रमाणित झाल्या. कंपनीला ज्या पद्धतीचा भरवसा नव्हता, तिनेच कंपनीला हे यश मिळवून दिले, ही गोष्ट पुढील वाद समजून घेताना विसरता येत नाही.

एवढ्या खपानंतर दुसऱ्या अल्बमसाठी तगादा लागणे अटळ होते. ‘डोन्ट लुक बॅक’ ऑगस्ट 1978 मध्ये बाजारात आला आणि विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. परंतु तो जेमतेम 34 मिनिटांचा होता आणि काम पुरे होण्याआधीच तो आपल्याकडून घेतला गेला, ही खंत शोल्झ यांनी पुढे उघडपणे मांडली. तिसऱ्या अल्बमच्या वेळी त्यांनी घाई करण्यास नकार दिला, तेव्हा सीबीएसने रॉयल्टी रोखून धरली आणि 1983 मध्ये करारभंगाबद्दल दावा गुदरला. शोल्झ यांना तग धरता आला तो संगीताबाहेरच्या मिळकतीवर : त्यांनी रचलेले ‘रॉकमन’, म्हणजे हेडफोनवर गिटार ऐकण्यासाठीचे खिशात मावणारे ध्वनिवर्धक यंत्र, चांगले खपत होते. असा आधार नसलेल्या कलावंताला तडजोडीखेरीज मार्ग नव्हता, आणि या व्यवस्थेचा खरा अन्याय येथेच आहे.

शोल्झ यांची संथ गती सर्वस्वी कंपनीविरोधातून आलेली नव्हती, तो त्यांचा स्वभावच होता, हेही मान्य केले पाहिजे. तरीही ‘थर्ड स्टेज’ हा तिसरा अल्बम 1986 मध्ये एमसीए या दुसऱ्या कंपनीकडून प्रसिद्ध झाला, तेव्हा तो आणि त्यातील ‘अमांडा’ हे गाणे, दोन्ही अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. सीबीएसबरोबरच्या खटल्यात 1990 मध्ये ज्यूरीने शोल्झ यांच्या बाजूने कौल दिला, आणि बँडचा चौथा अल्बम त्यानंतर चार वर्षांनी, 1994 मध्ये, एमसीएकडूनच आला.