पिवळ्या पाण्याची कुळकथा

कूलिंग टॉवरमधून पडताना पाणी हवेतला ऑक्सिजन पोटात घेते. थोडे वाफ होऊन उडते, क्षार मागे उरतात, आणि तेच पाणी पुन्हा तापलेल्या नळ्यांत शिरते. लोखंडाला गंजायला आणखी काय हवे? विसाव्या शतकात यावरचा खात्रीचा उपाय होता क्रोमेट, म्हणजे क्रोमियमचा क्षार.

सायबेरियातल्या तांबड्या शिसे-खनिजात 1797 मध्ये व्होक्लँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला क्रोमियम सापडले. त्याचे क्षार आधी रंगांच्या कारखान्यात गेले, पाण्यात बऱ्याच उशिरा आले. काहीशे पीपीएम क्रोमेट टाकले की पाणी पिवळे होते आणि लोखंडावर लोह-क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिपातळ थर बसतो. ओरखडा पडला तरी तो भरून निघतो. मात्र डोस कमी पडला, की थर जागोजागी उघडा राहतो आणि सगळा गंज त्या ठिपक्यांवर तुटून पडतो. नळीला आरपार भोक पडते. म्हणून डोस सढळ हाताने टाकायची रीत पडली, आणि माझ्या मते पुढचे संकट त्या सढळपणातच होते.

कारण टॉवरमधले पाणी अधूनमधून सोडून द्यावेच लागते. कॅलिफोर्नियात हिंकली गावाजवळ पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिकच्या गॅस कॉम्प्रेसर केंद्राने 1952 ते 1966 या काळात ते अस्तर नसलेल्या तळ्यांत सोडले. क्रोमेटमधले षट्संयुजी क्रोमियम पाण्यात सहज विरघळते. ते झिरपून भूजलात, तिथून विहिरींत गेले. 1996 मध्ये रहिवाशांना 33 कोटी 30 लाख डॉलर द्यायचे ठरले. नळ्या स्वस्तात वाचल्या, कारण खरी किंमत विहिरीवरच्या माणसांनी मोजली. हे मी हिशेबाबाहेर ठेवू शकत नाही.

टॉवरमधून उडणारे तुषारही हे विष हवेत नेत. श्वासातून गेले तर फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. अमेरिकेने 1990 मध्ये इमारतींच्या वातानुकूलनाच्या टॉवरमध्ये आणि 1994 मध्ये कारखान्यांच्या टॉवरमध्ये क्रोमेटवर बंदी घातली.

क्रोमेटची जागा कोणा एका रसायनाने घेतली नाही. फॉस्फेट, जस्त, मॉलिब्डेट, फॉस्फोनेट, तांब्यासाठी अझोल, शिवाय कॅल्शियम फॉस्फेटचा थर साचू नये म्हणून पॉलिमर. पीएच काटेकोर सांभाळायचा, वजन केलेली पोलादी पट्टी, म्हणजे कूपन, प्रवाहात टांगायची आणि काही आठवड्यांनी किती झिजली ते पुन्हा वजन करून पाहायचे. आता सोडलेल्या पाण्यातले फॉस्फेट शेवाळ वाढवते, म्हणून फॉस्फरसविरहित गंजरोधक वापरात येऊ लागले आहेत.