अमेरिकेतील विमानभाड्याचे वर्ग आणि व्यावसायिक प्रवासी : एक ऐतिहासिक आढावा (१९७७-१९९२)

विमानात एकाच रांगेत बसलेल्या दोन प्रवाशांनी एकाच प्रवासासाठी भिन्न भाडे दिलेले असू शकते. हा भेद आसनाचा नसून तिकिटाला जोडलेल्या अटींचा असतो. या अटी अमेरिकेत कशा रूढ झाल्या आणि व्यावसायिक प्रवाशाला त्यांची कोणती किंमत मोजावी लागली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

१९३८ पासून तेथील विमानभाड्यांवर शासकीय नियंत्रण होते. रिकाम्या आसनांचा प्रश्न मात्र सुटत नव्हता. एप्रिल १९७७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने न्यूयॉर्क व कॅलिफोर्नियादरम्यान ‘सुपर सेव्हर’ भाडे सुरू केले. सवलत मोठी होती. परंतु तिकीट ३० दिवस आधी घेणे व किमान ७ दिवस मुक्काम करणे आवश्यक होते. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नियंत्रणमुक्तीच्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि अशा सशर्त भाड्यांचा प्रसार झाला.

त्यांपैकी शनिवारची रात्र परगावी घालवण्याची अट विशेष लक्षणीय ठरते. सहलीस निघालेल्या कुटुंबाला ती जाचक वाटत नसे. सोमवारी जाऊन बुधवारी परतणाऱ्या विक्री अधिकाऱ्याला मात्र ती पाळणे शक्य नव्हते. प्रवाशाचा व्यवसाय कंपनीला विचारावाच लागत नसे! असा अधिकारी पूर्ण भाड्याचे, ‘वाय’ या अक्षराने ओळखले जाणारे तिकीट घेई. बैठक लांबली तर तारीख बदलता येई, रद्द झाली तर पैसे परत मिळत. वस्तुतः तो ही मोकळीकच विकत घेत होता.

अशा प्रवाशासाठी किती आसने राखावीत, याचा नियम बीओएसीचे केनेथ लिटलवुड यांनी १९७२ मध्येच मांडला होता. उशिरा येणाऱ्या पूर्ण भाड्याच्या प्रवाशाकडून अपेक्षित असलेले उत्पन्न सवलतीच्या भाड्याहून अधिक असेल, तोवर आसन राखावे, असे त्याचे सार होय. संगणकामुळे तो व्यवहारात आणणे सुलभ झाले. जानेवारी १९८५ मध्ये अमेरिकनने ‘अल्टिमेट सुपर सेव्हर’ भाडी जाहीर केली. स्वस्त भाड्यासाठी प्रसिद्ध असलेली पीपल एक्सप्रेस या स्पर्धेत टिकली नाही. १९८७ मध्ये ती कॉन्टिनेन्टलमध्ये विलीन झाली.

व्यावसायिक प्रवाशांची नाराजी मात्र वाढतच गेली. एप्रिल १९९२ मध्ये अमेरिकनचे प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांनी पूर्ण भाडे घटवून केवळ चार प्रकारची भाडी ठेवली. मे महिन्यात नॉर्थवेस्टने मुलासोबत जाणाऱ्या प्रौढाला मोफत प्रवास देऊ केला. अमेरिकनने निम्म्या दराने उत्तर दिले. त्या उन्हाळ्यात विमाने भरली, कंपन्या तोट्यात गेल्या. ऑक्टोबरपर्यंत क्रँडल यांची योजना मागे पडली आणि जुनी गुंतागुंतीची भाडी परत आली.