टर्बो इंजिनातील नॉकिंग : रायपूरच्या उन्हाळ्यात दक्षता आवश्यक

ट्रॅकवर हौसेने मोटार पळविणारे चालक अधिक शक्तीसाठी टर्बोचार्जरचा दाब वाढवितात. मात्र छत्तीसगडची राजधानी रायपूरसारख्या शहरात, जिथे मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या आसपास जातो, हिवाळ्यात निर्धोक ठरलेले ट्यूनिंग इंजिनाच्या जिवावर बेतू शकते.

ठिणगीने पेटलेली ज्योत सिलिंडरमध्ये पसरत असताना उरलेले मिश्रण दाब व उष्णतेमुळे आपोआप, एकदम पेटते. यालाच नॉकिंग म्हणतात. त्यातील दाबलहरींमुळे धातूवर हातोडी आपटल्यासारखा आवाज येतो. पिस्टनच्या कडा तुटतात, गॅस्केट फुटते. टर्बोमध्ये दाबलेली हवा मुळातच तापलेली असते. इंटरकूलर तिला थंड करतो खरा, पण बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही.

भारतात २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे ऑक्टेन मानक ९५ आहे. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचे पेट्रोलही आणले. इथेनॉल नॉकिंग रोखते. परंतु त्याला हवेच्या प्रमाणात इंधन अधिक लागते. जुन्याच इंधन-नकाशावर मिश्रण पातळ होऊन उलट धोका वाढतो.

त्यामुळे ट्यूनिंग कमी दाबाने आणि उशिराच्या ठिणगीने सुरू करून एकेक अंश पुढे न्यावे, तेही भर दुपारच्या तापमानात तपासून. डायनोवरील काही सेकंदांची चाचणी आणि ट्रॅकवरील वीस मिनिटे यांत मोठे अंतर आहे. हेल्मेट व सायलेन्सरच्या गोंगाटात नॉकिंग ऐकू येईलच असे नाही. म्हणून नॉक सेन्सरच्या नोंदी पाहाव्यात. खूण दिसताच ॲक्सिलरेटर सोडावा आणि टर्बो निवेपर्यंत मोटार सावकाश चालवावी.